दोन बोटं कमी

ठमी आवाजानं कधी उठत नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर, वाऱ्यानं आपटणारं दार, आजीचं फोनवरचं टिपेचं बोलणं, या सगळ्यातून ती खुशाल झोपून राहते. सगळे म्हणतात, हिला कानात कापूस घालूनच पाठवलंय. त्या सकाळी ती शांततेनं उठली. माझ्या छातीशी दूध पिता पिता तिचा डोळा लागला होता, आणि एकाएकी तिनं तोंड सोडलं, डोळे टक्क उघडले आणि माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडे तिच्या आजोबांची खोली. काय बंद पडलंय ते मला आधी कळलंच नाही. पंखा थांबत होता, ते दिसलं. पण पंख्याच्याही खाली, घराच्या तळाशी म्हणावी अशी एक घरघर आमच्याकडे रात्रंदिवस चालू असायची, सासऱ्यांच्या ऑक्सिजनच्या यंत्राची. ती अंगवळणी पडून ऐकू येईनाशी झाली होती. थांबली, तेव्हा ऐकू आली. मग यंत्राची बारीक, चिडकी टीं टीं सुरू झाली आणि मी ठमीला तशीच काखोटीला मारून पळाले.

कोपऱ्यातला सिलिंडर उघडून नाकातली नळी त्याला जोडेपर्यंत बाबांचे ओठ जांभळट पडले होते. तेवढ्यातही ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सावकाश. गाडी अजून स्टँडवरच आहे." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. हे असलं बोलणं आधी बंद करा, असं त्या रोज म्हणतात, आजही म्हणाल्या. सिलिंडरच्या काट्यानं अर्ध्याच्या अलीकडेच मान टाकलेली. जेमतेम दुपारपर्यंत. वीज कचेरीत फोन लावला तर कोपऱ्यावरची डीपी जळालीय, नवी येतेय, संध्याकाळपर्यंत होईल, असं कुणीतरी म्हणालं. मागून दुसरं कुणीतरी म्हणालं, उद्या सांग, उद्या. सिलिंडरवाल्याचा फोन उचलला जात नव्हता. म्हणजे दुपारनंतर रुग्णवाहिका आणि रुग्णालय. मागच्या वेळी बाबा तिथून आले तेव्हा त्यांनी आपल्या खोलीच्या चौकटीवर हात ठेवून सांगितलं होतं की आता मला या दारातून परत न्यायचं नाही. बोलले होते हळूच, पण आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं होतं. आता सासूबाई त्यांच्या कपाटातून धुतलेले कपडे काढून पिशवीत भरायला लागल्या. बाबा छताकडे बघत होते. पिशवीच्या चेनचा आवाज झाला तसे त्यांनी डोळे मिटले.

त्या चेनच्या आवाजानं मला जनरेटर आठवला. नवऱ्यानं जहाजावर परत जायच्या आठवड्यात तो आणून परसात पत्र्याच्या छपराखाली ठेवला होता, खोक्यासकट. पेट्रोलचा लोखंडी कॅनही आणून पलीकडच्या खोपटात ठेवला होता. मग निघायची घाई झाली आणि म्हणाला, पुढच्या वेळी आलो की चालू करून देतो. त्याच्या जगात पुढची वेळ ही ठरलेली गोष्ट असते. समुद्रावर असल्यावर माणसाला तसं वाटत असावं. त्याचा फोन लागला नाही. दुकानदार म्हणाला, माणूस उद्या पाठवतो. मी ठमीला सासूबाईंच्या हातात दिलं आणि म्हटलं, "आई, पिशवी जरा राहू द्या. मी परसात जाऊन येते." त्यांनी विचारलं, तुला येतं का ते. मी म्हटलं, नाही. आणि हे 'नाही' म्हणताना मला भीती नाही वाटली, उलट पोटात काहीतरी ताठ उभं राहिलं. कितीतरी दिवसांत मला काही न येण्याची संधीच मिळाली नव्हती. आईपण सगळ्यांच्या मते आपोआप येतं, आणि जे आपोआप येतं त्याबद्दल कुणी आपल्याला विचारत नाही की येतं का.

खोकं फाडल्यावर आधी हाताला लागली ती हँडलला बांधलेली लाल चिठ्ठी. इंजिनमध्ये तेल भरलेले नाही. तेल घातल्याशिवाय चालू करू नये. मी ती वाचली आणि माझी मान आपसूक खाली झाली, जशी प्रयोगशाळेत व्हायची. ठमीच्या आधी मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होते. तिथं माझ्या हातांना नाव होतं. डॉक्टर म्हणायचे, हे तिच्या हातचं आहे ना, मग परत बघायला नको. नवीन लागले तेव्हा तिथल्या जुन्या बाईंनी पहिले कित्येक दिवस मला नुसतं पाणी मोजायला लावलं होतं. काचेच्या नळीतलं पाणी काठाशी वर चढतं आणि मध्ये खोलगट होतं. त्या खोलगट भागाचा तळ रेषेवर हवा, आणि डोळा त्या रेषेच्या पातळीवर. मी उभ्याउभ्या नळी उचलून बघायचे. बाई मागून माझं डोकं धरून खाली वाकवायच्या. "नळी कशाला उचलतेस? वाकायला लाज वाटते का?" रेषेच्या वर गेलं तर ओतून टाकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. थोडंसंच गेलं, चालेल, असं तिथं नव्हतं. मग लग्न झालं, ठमी झाली, रजा वाढत गेली, आणि माझे हात दुपटी, बाटल्या, औषधाचे ड्रॉपर यांत असे काही मिसळून गेले की ते माझे आहेत हे मला फक्त नखं कापताना आठवायचं.

आणि आले ती काठोकाठ भरणाऱ्या घरात. बाबा आयुष्यभर लांब पल्ल्याच्या बसचे ड्रायव्हर. एकदा भर उन्हात, ओसाड रस्त्यावर, टाकी रिकामी होऊन त्यांची गाडी उभी राहिली होती, आणि त्या गाडीत एक बाळंतीण होती. पुढे काही वाईट झालं नाही. मागून ट्रक आला, डिझेल मिळालं, बाई घरी पोचली. पण त्या दिवसापासून बाबांना काहीही अर्धं बघवत नाही. बादल्या, हंडे, मिठाची बरणी, पेनातली शाई, सगळं तुडुंब. नवरा म्हणतो, आमच्याकडे बादली रिकामी दिसली तर बाबा तिच्याशी बोलणं टाकतात. सासूबाईंनी हे चहापर्यंत नेलं. लग्न होऊन आले त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात दिलेला चहा कपाच्या काठावर थरथरत होता, कपापेक्षा उंच. अर्धा कप देणं म्हणजे माणसाला ऊठ म्हणणं, असं त्यांचं मत. आमच्या घरातली माणसं चालताना एकमेकांकडे बघत नाहीत, कपाकडे बघतात. ठमी झाल्यावर मी कितीदा म्हटलं, आई, मला दोन बोटं कमी द्या, ती कडेवर असते, हात हलतो. त्या हो म्हणायच्या आणि भरायच्या. त्यात दुष्टावा नव्हता. त्यांच्या हाताला थांबायची जागाच माहीत नव्हती. मी बशीत सांडलेला चहा पीत राहिले आणि कधी कधी मला वाटायचं, मलाही यांनी असंच भरलंय, प्रेमानं, काठाच्या वर, आणि आता मी जराही हलले की सांडणार.

माहितीपत्रक मी उभ्या उभ्या दोनदा वाचलं. तेलाची बाटली खोक्यातच होती. तेलाच्या तोंडाचं पिवळं झाकण फिरवून काढलं की त्याला खाली एक काडी असते. तिच्या टोकाशी दोन खुणा, तेल त्या दोहोंच्या मध्ये हवं, वरच्या खुणेजवळ, पण वर नाही. मी जनरेटर छपराखालून ओढून मागच्या पायरीशी आणला. बाबांची खिडकी त्याच बाजूला. सासूबाईंनी त्यांचा पलंग खिडकीशी सरकवून दिला होता आणि ते उशीला टेकून, नाकात नळी, गजांतून बघत बसले होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती गाडी हाकायची नजर आली होती. नरसाळं लाव, म्हणाले. हळू ओत, थांब, बसू दे तेल. मी तसंच केलं. काडी पुसली, बुडवली, काढली. खालच्या खुणेलाही टेकलं नव्हतं. अजून घातलं. पुन्हा पुसली, बुडवली. तेवढंच, जेमतेम ओलं टोक. बाबा म्हणाले, कमी आहे, घाल अजून, बाटली उरवून काय करायचीय, ओत सगळी. मला त्यांचं पटलं, हे सांगायला हवं. काडी कमी दाखवतेय, घरचा इंजिनातला माणूस घाल म्हणतोय, बाटली हातात आहे. मी बाटली तिरपी केलीसुद्धा.

पण माझं लक्ष पायरीखाली गेलं. ठमीची पाण्याची बाटली मी सवयीनं बरोबर आणून पायरीखालच्या फरशीवर ठेवली होती, अर्धी भरलेली. तिच्यावर आडव्या रेषा छापलेल्या असतात, दूध मोजायच्या. त्या रेषा एका दिशेला चालल्या होत्या आणि पाणी दुसऱ्या. एका बाजूला पाणी रेषेच्या वर, दुसऱ्या बाजूला बोटभर खाली. मी गुडघे टेकले, गाल जवळजवळ फरशीला लावला आणि बघितलं. मागून कुणीतरी माझं डोकं धरून वाकवावं तसं. पायरीशी अंगण मोरीकडे उतरतं केलेलं आहे, पाणी वाहून जावं म्हणून. आम्ही रोज त्यावरून चालतो, कुणाला जाणवत नाही. इंजिनातलं तेल त्या उताराला जाऊन बसलं होतं आणि काडी चढाच्या बाजूला होती. मी बाटलीचं झाकण लावलं. "बाबा, तेल कमी नाहीये. जमीन तिरकी आहे." त्यांना ते आवडलं नाही. माणूस आजारी पडल्यावर त्याला सगळेच सगळं सांगायला लागतात, त्यातलं हे एक, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "तेल कमी पडलं तर इंजिन धरतं, जाम होतं, पोरी. जास्त झाल्यानं काही मरत नाही." मी म्हटलं, मरत नसेल, पण धूर ओकतं आणि बंद पडतं, तसं यात लिहिलंय, आणि मला आज ते बंद पडायला नकोय. तसंही ते मला पायरीशी ठेवायचंच नव्हतं. जनरेटरच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि खिडकीतून आत गेला तर झोपलेल्या माणसाला उठवतही नाही. मी तो परसाच्या पार टोकाला, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांच्या पलीकडे, सपाट सिमेंटवर न्यायला लागले. धुराचं तोंड कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेकडे. एक चाक अडकत होतं. घाम डोळ्यांत जात होता. ठमी आत रडायला लागली होती आणि तिच्या रडण्याला माझ्या अंगातून उत्तर जात होतं. पुढून दोन ओले डाग उमटले. मी तशीच ओढत राहिले.

जनरेटर जागेवर लावून मी पेट्रोल आणायला खोपटाकडे गेले, तेवढ्यात मागचं दार उघडलं. बाबा चौकटीत उभे होते. सिलिंडरच्या चाकाच्या गाड्यावर एक हात, दुसरा भिंतीला, आणि मागे ठमीला घेऊन सासूबाई, त्यांना आवरता येत नाही अशा. ते पायरी उतरायला बघत होते. त्यांना काडी स्वतः बघायची होती. मी खोपटाचं दार उघडलेलं होतं, पेट्रोलचा कॅन माझ्या हातात होता. ऑक्सिजनची नळी आणि पेट्रोल, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्या. मी कॅन तिथंच खोपटात ठेवला, दार लावलं आणि त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले.

"बाबा, तिथंच थांबा. खाली येऊ नका."

"माझा जन्म गेलाय इंजिनावर."

"म्हणूनच. आज इंजिन तुमच्यापासून लांब राहू दे. तुम्ही आत बसा, खिडकी लावून घ्या, आणि मला काचेतून बघा. मला तुम्ही बघताय हे लागेल."

त्यांच्याशी असं कुणी बोलत नाही. नवरासुद्धा त्यांच्यासमोर वाक्य अर्धं सोडतो. सासूबाईंचा ठमीच्या पाठीवर थोपटणारा हात थांबला. मला वाटलं, आता काहीतरी तुटणार, जे पुढे कित्येक वर्षं सांधत बसावं लागेल. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग माझ्या हातांकडे. तेलानं काळे, नखांपर्यंत. त्यांना धाप लागली होती. ते वळले. आत जाताना त्यांनी सासूबाईंना सांगितलेलं मला ऐकू आलं, गॅसचं बटण बघून घे बंद आहे का, आणि तिकडची सगळी तावदानं लाव. मग खिडकी त्यांनी स्वतः लावली. कडी सरकवताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

सपाट जागी ठमीची बाटली ठेवून पाहिली. पाणी आणि रेषा एका मेळात. काडी पुसून बुडवली, काढली, डोळ्यांसमोर आडवी धरली. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या अगदी पायाशी. स्वच्छ, मधासारखं. मी ओतलेलं, आणि वेळेवर थांबलेलं. मला हसू आलं. ती पुरी बाटली ओतली असती तर पायरीशी काडीनं मला शाबासकी दिली असती आणि इथं इंजिनानं धडा शिकवला असता. पेट्रोलच्या वेळी माझे हात स्थिर होते. कॅन जमिनीवर टेकवून उघडला. टाकीच्या तोंडाला जाळी, जाळीत एक लाल खूण. पेट्रोल ओतताना त्याचा आवाज बदलत जातो, आधी पोकळ, मग भरत भरत बारीक. बाबांच्या काठोकाठची आठवण खरं तर तिथंच आली. मागे न बघताही कळत होतं की काचेमागे ते मनातल्या मनात म्हणत असणार, अजून, अजून. मी खुणेशी थांबले. ऊन चढलं की पेट्रोल फुगतं. त्याला फुगायला जागा हवी. चार थेंब टाकीवर सांडले होते, ते फडक्यानं पुसले, कॅनचं झाकण घट्ट लावून तो आणि ते फडकं दूर खोपटात ठेवून आले, आणि वास पार उडेपर्यंत हात बांधून उभी राहिले. ते थांबणं सगळ्यात अवघड. आत मूल रडतंय, सिलिंडरचा काटा खाली येतोय, आणि आपण नुसतं उभं राहायचं, कारण आत्ता उभं राहणं हेच काम आहे.

पेट्रोलची चावी उघडली, हवा अडवणारा चोकचा खटका ओढला, बटण चालू. पाय चौकटीवर रोवून दोरी ओढली. काही नाही. परत. ठमीच्या बाळंतपणातला टाका नुसता आठवणीनं ओढला गेला. परत ओढली, आणि ते एकदम खोकलं, थरथरलं, सुरू झालं. मी मोठ्यानं काहीतरी बोलले, काय ते मलाही ऐकू आलं नाही. पण आवाज बरा नव्हता. भक्, भक्, मध्येच दम तोडल्यासारखा, आणि धूर काळा. आनंदात माझं डोकं रिकामं झालं होतं, पत्रकातलं एक अक्षर आठवेना. मी खिडकीकडे बघितलं. बाबा काचेला जवळजवळ कपाळ टेकून बसले होते. त्यांनी हात वर केला, मूठ मिटली आणि अंगठ्यानं हवेत काहीतरी हळूच आत ढकललं. घाईनं नाही, जसं झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं. चोक. मी खटका थोडा थोडा आत सरकवला. आवाज सरळ झाला, एका सुराचा, धूर विरून गेला. बाबांनी हात तसाच वर ठेवला होता, पंजा उघडा. ते ऐकत होते. काचेतून, भिंतीतून, नळीतून. मग त्यांनी हात खाली घेतला आणि मान एकदाच हलवली. रक्ताचा पहिला नमुना मी एकटीनं तपासला होता तेव्हा बाईंनी अशीच मान हलवली होती आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या होत्या. त्या मानेवर मी पुढे किती वर्षं जगले.

समोरचे काका कुंपणाशी येऊन सांगत होते की वायरीला दोन्हीकडे पिना लावून घरातल्याच प्लगात घाल, सगळं घर चालेल, पंखे, फ्रिज. मी म्हटलं, काका, कोपऱ्यावर खांबावर माणसं चढलीत, हा करंट उलटा त्यांच्या हातात जाईल. काका खांबाकडे बघत मागे सरले. जनरेटरला जोडलेली जाडी वायर मी मागच्या दाराखालून आत घेतली, फट जुन्या टॉवेलनं गच्च बुजवली. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, कपडे बदलले, मग बाबांच्या खोलीत जाऊन यंत्राची पिन वायरीत घातली. टीं टीं, आणि मग ती घरघर. यंत्राच्या काचनळीत एक छोटी गोळी असते. ती तळाशी पडली होती, उठली, डगमगली आणि आपल्या रेषेवर येऊन ठरली. मी वाकून, डोळा रेषेच्या पातळीला आणून बघितलं. मागून कुणी डोकं दाबलं नाही. नाकातली नळी परत यंत्राला लावली आणि सिलिंडर बंद करून ठेवला. पुन्हा पेट्रोल घालायच्या आधी इंजिन बंद करून थंड होऊ द्यावं लागेल, तेवढ्या वेळाला तो पुरेल. बाबा म्हणाले, "टाकी पुरी नाही भरलीस." मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मला दिसलं. खुणेशी हात थांबवलास." मग डोळे मिटून घेतले, पण झोपायला नाही. ऐकायला. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी त्यांच्या जुन्या फोटोत पाहिलंय, नव्या बसच्या दारात उभे आहेत तो.

सासूबाईंनी पिशवीतले कपडे परत कपाटात लावले. एकेक घडी हातानं दाबत. मग ठमीला माझ्याकडे दिलं. ती पोटभर प्याली आणि इंजिनाच्या दूरच्या आवाजात, जणू तो तिच्याचसाठी लावलाय अशी, माझ्या कडेवर मान टाकून झोपली. स्वयंपाकघरात भांडी वाजली. मी तिथं गेले तसा सासूबाईंनी माझ्या हातात कप दिला. मी सवयीनं श्वास धरला आणि खाली बघितलं. कप दोन बोटं कमी होता. काठाखाली पांढरी कड स्वच्छ दिसत होती, आणि चहा त्याखाली शांत. मी वर पाहिलं तर त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. ओट्यावरचं काहीतरी पुसत होत्या, जे पुसलेलंच होतं. बाबांना दाखव जा पोर, एवढंच म्हणाल्या, आवाजाला तिला बरी झोप लागलीय. मी निघाले. एका हातावर ठमी, एका हातात कप. ओट्यापासून दारापर्यंत, दारातून बाबांच्या खोलीपर्यंत. त्या घरात पहिल्यांदाच मी कपाकडे न बघता चालले.